बिदरी कलाकाम

बिदरी कलाकाम : जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूतून ओतलेल्या वस्तूंवर चांदीची, क्वचित सोन्याची वा पितळेची तार किंवा पत्रा ठोकून बसविणे आणि नंतर मूळ धातूचा पृष्ठभाग रासायनिक क्रियेने काळा करणे, असे दुहेरी स्वरूप असलेला दख्खनमधील एक जडावकामाचा प्रकार. कर्नाटक राज्यातील बीदर या शहरावरून त्यास हे नाव पडले. बीदर हे आज कर्नाटकात असले, तरी या कलेचा परिसर राज्यांच्या सीमांनी सांगता येत नाही. लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि नांदेड जिल्ह्यातील देगलूर ही दोन्ही गावे बीदरपासून सरळ रेषेत सु. ७० किमी. अंतरावर आहेत. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातील, व पुढे हैदराबाद राज्यातील, बीदर जिल्ह्याचेच भाग होते. राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा निर्माण झाल्यावर त्यात समाविष्ट झाले. मराठवाड्याच्या या पूर्व भागातील जुन्या घरांतून पानदान, तस्त, पिकदाणी यांच्या रूपाने बिदरी वस्तू नांदत आल्या, त्याचे कारण हा शेजार होय.

बिदरी कामाविषयीचे लेखन बहुधा दोन टोकांना गेलेले आढळते. एक त्याला केवळ हस्तव्यवसाय मानते आणि तंत्राच्या वर्णनावर थांबते. दुसरे त्याच्या काळ्या-पांढऱ्या झळाळीचे गुणगान करून मोकळे होते. दोहोंतही मूळ कलाप्रश्न बाजूला राहतो. तो असा, की ज्याने कोणत्याही चित्रशाळेत रेखनाचे शिक्षण घेतले नाही, ज्याच्यासमोर रोप वा फूल नमुन्यादाखल ठेवलेले नसे आणि ज्याला छिन्नीचा एकही घाव परत घेता येत नसे, अशा कारागिराने चांदीसारख्या मौल्यवान व हट्टी माध्यमात निसर्गरूपाचे इतके जिवंत चित्रण कसे साधले. आणि ते साधल्यावर पुढील दोन शतकांत ते त्याच्या हातून का निसटले? बिदरी कामाचे मूल्यमापन या प्रश्नाला धरूनच करणे इष्ट ठरते.

तंत्र : बिदरी वस्तूचा मूळ धातू मुख्यत्वे जस्त असतो. जस्ताचे साधारण सोळा भाग व तांब्याचा एक भाग असे प्रमाण सांगितले जाते. कारखान्यागणिक त्यात फरक पडतो. काही वेळा किंचित शिसेही असते. शुद्ध जस्त सु. ४१९° से. तापमानाला वितळते, त्यामुळे साध्या भट्टीवर ओतकाम करता येते. तांबडी माती, एरंडेल तेल व राळ यांच्या मिश्रणाने घट्ट केलेल्या साच्यात रस ओततात. ओतीव वस्तू खडबडीत असते. ती कानशीने घासून, खरादावर कातून व घोटून गुळगुळीत केली जाते. या अवस्थेत ती शिशासारखी करडी दिसते. करड्या धातूवर रेघ ठळक दिसत नाही म्हणून मोरचुदाचे पाणी लावून पृष्ठभाग तात्पुरता काळसर करतात आणि पोलादी टोकाने त्यावर थेट आकृती कोरतात. ही आकृती बहुधा कागदावरून उतरविलेली नसते. हाताला सवय असते आणि डोळ्यांपुढे मागील शंभर वस्तू असतात. कारागिराची सामग्री एवढीच.

यानंतर वस्तू मेणराळेच्या लगद्याने दगडावर घट्ट बसवून निरनिराळ्या छिन्न्यांनी आकृतीच्या रेषा खोदल्या जातात. खाचेच्या कडा आतल्या बाजूस किंचित झुकत्या राहाव्यात, यावर पुढील सर्व काम अवलंबून असते. कारण चांदी डिंकाने वा डाकाने चिकटविलेली नसते, तर थंड स्थितीत ठोकून खाचेत पसरविलेली व त्या कडांनी पकडून ठेवलेली असते. चांदी शुद्ध असावी लागते. भेसळीची चांदी ताठर होते व खाचेच्या कोपऱ्यात शिरत नाही. तार बसविण्याच्या प्रकारास तारकशी, पत्रा सपाटीत बसविण्याच्या प्रकारास तहनिशान म्हणतात. चांदीचा पत्रा पृष्ठभागावर पसरून त्यातून आकृती कापून काढायची व खालचा काळा धातूच आकृतीरूपाने दाखवायचा, या उलट्या पद्धतीला आफ्ताबी हे नाव आहे. जरबुलंद या प्रकारात आकृती पृष्ठभागाच्या वर उठावाने येते. ही सर्व परिभाषा फार्सी आहे; मात्र कानस, खराद, मूस, नवसागर हे कारखान्यातील शब्द मराठी सोनारकट्ट्यावरीलही आहेत.

अखेरची क्रिया रंगाची. वस्तू किंचित तापवून तिच्यावर नवसागर व बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती यांचा पाण्यात कालवलेला लेप चोळतात. काही क्षणांत करडा धातू गडद काळा पडतो आणि चांदी मात्र होती तशीच राहते. वस्तू धुऊन तिला तेल लावले, की काळेपणाला खोली येते. किल्ल्यातील ज्या मातीला वर्षानुवर्षे ऊन-पाऊस लागलेला नाही, तीच उपयोगी, असा कारागिरांचा विश्वास असून जिभेवर चव घेऊन ती पारखली जाते. या मातीभोवती बरीच अद्भुतता गोळा झाली आहे. रसायनदृष्ट्या पाहता मातीतील क्षार व नवसागर यांच्यामुळे पृष्ठभागावरील जस्त काही अंशी निघून जाते आणि मागे राहणाऱ्या तांब्याच्या अतिसूक्ष्म थराला काळा रंग येतो. म्हणूनच मिश्रधातूत तांबे अल्प असले तरी अत्यावश्यक असते. लखनौ, पूर्णिया व मुर्शिदाबाद येथेही बिदरी वस्तू घडल्या व त्या काळ्या झाल्या. तेथे सोरा, मोरचूद इत्यादींचे लेप वापरीत. तेव्हा बीदरच्या मातीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही, पण कलेचे रहस्य मातीत आहे असे म्हणणे हे कारागिराचे श्रेय किल्ल्याला देण्यासारखे आहे.

उगम : बहमनी राजधानी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून (आताचे कलबुर्गी) बीदरला आली, त्या सुमारास इराणी कारागिरांनी ही कला आणली, अशी परंपरा आहे. इराणशी बीदरचा संबंध निर्विवाद आहे. महमूद गावानच्या मदरशावरील (१४७२) रंगीत कौलकाम त्याची साक्ष देते. तथापि जस्तप्रधान मिश्रधातूवरील असे काम इराणमध्ये प्रचारात नव्हते आणि बहमनी काळातील म्हणून खात्रीने दाखविता येईल अशी एकही बिदरी वस्तू उपलब्ध नाही. उपलब्ध उत्तम नमुने सतराव्या शतकापासूनचे आहेत. जस्त मोठ्या प्रमाणावर ऊर्ध्वपातनाने मिळविण्याची विद्या मध्ययुगीन भारतात, विशेषतः राजस्थानातील जावर येथे, अवगत होती ही गोष्टही येथे लक्षात घ्यावी लागते. परदेशी अलंकरणदृष्टी व देशी धातुविद्या यांचा दख्खनमध्ये झालेला हा संयोग होय, असे मानणे अधिक युक्त दिसते.

एका पूर्वरूपाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महाल हा बरीदशाही सुलतान अली बरीद (कार. १५४२–८०) याच्या काळात सजविला गेला. त्याच्या आतील भागात काळ्या पाषाणात शिंपल्याच्या झळाळत्या तुकड्यांचे जडावकाम आहे. काळी, तुळतुळीत भूमी. तिच्यात खोदलेली खाच. खाचेत बसविलेला शुभ्र, प्रकाश परतविणारा पदार्थ. आणि वेली-पानांची अखंड वळणे : बिदरी कामाचे सारे दृश्यतत्त्व येथे दगडात सिद्ध झालेले आहे. बिदरी कारागिराने ते पाहूनच काम सुरू केले असे सिद्ध करता येणार नाही. पण बीदरच्या डोळ्याला काळ्यावर पांढरे पाहण्याची सवय धातुकामाच्या आधीपासून होती, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

निसर्गरूपाचा काळ : बिदरी कामाचा वैभवकाळ हुक्क्याशी निगडित आहे. तंबाखू अकबराच्या दरबारात पोहोचली ती विजापूरहून. असद बेग याने ती १६०४-०५ च्या सुमारास नेली. दख्खनमध्ये ती त्याआधीच रुळली होती. हुक्क्याचे पाण्याचे पात्र जड, थंड राहणारे व सहज न कलंडणारे असावे लागते. जस्ताचा मिश्रधातू या कामाला योग्य ठरला आणि बिदरी कारागिराला एक गोलाकार, सर्व बाजूंनी पाहिला जाणारा चित्रफलक मिळाला. सतराव्या शतकातील ही पात्रे चेंडूसारखी गोल असून कड्यावर ठेवलेली असत.

याच काळात मोगल दरबारी चित्रकलेत फुलझाडाचे स्वतंत्र चित्रण रूढ झाले. जहांगीराने १६२० मधील काश्मीरच्या मुक्कामात उस्ताद मन्सूर याच्याकडून तेथील फुलांची चित्रे काढवून घेतली. यूरोपीय वनस्पतिग्रंथांतील छापील चित्रेही दरबारी चित्रकारांना परिचित होती. शाहजहानच्या काळी मुळापासून वर उमललेले एकेक स्वतंत्र रोप हा वास्तू, वस्त्र, शस्त्र व ग्रंथांचे हाशिये यांवरील मान्य आकृतिबंध झाला. औरंगजेबाने १६५७ मध्ये बीदर जिंकले. त्यापूर्वीही मोगल अभिरुची दख्खनमध्ये झिरपतच होती. नंतर ती मुख्य झाली.

या काळातील श्रेष्ठ बिदरी पात्रे पाहिली असता प्रथम जाणवतो तो त्यांतील मोकळेपणा. पृष्ठभागाचा मोठा भाग रिकामा, काळा सोडलेला असतो. त्यावर खसखस, कमळ किंवा आयरिस यांचे एकेक रोप उभे असते. दांडा सरळ नसतो, फुलाच्या भाराने किंचित वाकलेला असतो. कळी, अर्धवट उमललेले फूल व पूर्ण उमललेले फूल एकाच रोपावर दाखविलेले असते. पाने वळताना त्यांची मागील बाजू दिसते आणि हे सर्व छायाप्रकाशाच्या साहाय्यावाचून, केवळ पत्र्याच्या बाह्यरेषेने व त्यावर नंतर कोरलेल्या बारीक शिरांनी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील आयरिस फुलांच्या सुप्रसिद्ध हुक्कापात्रात (सतराव्या शतकाचा अखेरचा भाग) जडावकाम चांदीचे नसून पितळेचे आहे. पिवळसर धातूमुळे तेथे काळी भूमी थंड न वाटता ऊबदार वाटते. चांदीच्या कामात हीच भूमी रात्रीसारखी भासते व फुले चांदण्यात पाहिल्यासारखी दिसतात. मौल्यवान धातूचा उपयोग येथे संपत्तीच्या प्रदर्शनासाठी नसून प्रकाशासाठी झाला आहे.

या चित्रणाला वास्तववादी म्हणताना मात्र सावधगिरी बाळगली पाहिजे. आयरिस हे काश्मीरसारख्या थंड प्रदेशातील फूल आहे. मांजरा नदीच्या काठी ते उगवत नाही. बीदरच्या कारागिराने ते बागेत नव्हे, तर कुणा चित्रकाराच्या हाताने काढलेले पाहिले असणार. मांजरेच्या खोऱ्यात, लातूर-बीदरच्या काळ्या रानात, जे पिकते व फुलते, ती करडई, जवस, तरवड, पळस, त्यांना या कलेत जवळपास स्थान नाही. अर्थात बिदरी कामाचा निसर्ग दुसऱ्या हाताने आलेला आहे. तरीही तो निर्जीव नाही, आणि त्याचे श्रेय माध्यमाच्या सक्तीला द्यावे लागते. चित्रकाराच्या कुंचल्याने दिलेली छटा छिन्नीला देता येत नाही. त्यामुळे मूळ चित्रातील अनावश्यक तपशील गळून गेला व रोपाचा तोल, देठाचा ताण, पाकळीची कड, एवढे राहिले. नक्कल करताना कारागिराला निवड करावी लागली, आणि ती निवड डोळस होती. पाण्यातील मासे, बदके व कमळे यांची दृश्ये असलेल्या काही पात्रांत हा गुण आणखी स्पष्ट होतो. पात्रात प्रत्यक्ष पाणी भरलेले असे. बाहेरच्या अंगावरही पाणी दाखविण्याची ही कल्पना मार्मिक व विनोदबुद्धीची आहे.

अठराव्या शतकात हुक्कापात्राचा आकार बदलला. गोल पात्राच्या जागी खाली पसरट बूड असलेले घंटाकृती पात्र आले. ही घटना केवळ सोयीची नव्हती. गोल पृष्ठभागावर एकेका रोपाला स्वतःचे आकाश होते. घंटाकृती पात्रावर पट्टे पाडणे स्वाभाविक झाले : वरचा किनारपट्टा, मधला नक्षीपट्टा, खालचा किनारपट्टा. रोप पट्ट्यात बसविण्यासाठी आखूड झाले, नंतर जाळीत अडकले, आणि शेवटी बुट्टी झाले. अशरफी की बूटी व फुलझडी ही आजही प्रचलित असलेली नावे या अखेरच्या अवस्थेची आहेत. त्यांतील कौशल्य कमी नाही; तारकशीची एकसारखी, केसासारखी बारीक रेघ अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कामातच अधिक आढळते. पण फूल पाहणे संपले व फुलाची खूण गिरविणे सुरू झाले, हे मान्य करावे लागते. लखनौच्या जरबुलंद कामात तर चांदीचा उठाव इतका वाढला, की काळी भूमी नाममात्र उरली आणि बिदरीचे बिदरीपणच झाकले गेले.

एकोणिसाव्या शतकातील प्रदर्शनांनी या कलेला जागतिक कीर्ती दिली. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या व त्यांतील काही तेथील संग्रहात गेल्या; व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयाचा आजचा समृद्ध बिदरी संग्रह त्यातूनच वाढला. जॉर्ज बर्डवुड याने भारतीय औद्योगिक कलांवरील आपल्या ग्रंथात (१८८०) बिदरीला मीनाकामाखालोखाल स्थान दिले. या गौरवाची दुसरी बाजूही होती. यूरोपीय गिऱ्हाईक हुक्का ओढत नव्हता. त्याला फुलदाणी, सिगारेटची डबी, राखदाणी, गुंड्या हव्या होत्या. लहान, सपाट, स्वस्त वस्तूवर रोपाला जागा उरली नाही. शिवाय पौर्वात्य कला म्हणजे दाट नक्षी, अशी समजूत गिऱ्हाइकाबरोबर आली आणि कारागिराने ती निमूटपणे पुरविली.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) याच शतकात यूरोपीय पद्धतीचे वास्तवदर्शी रेखन व शिल्प रुजले. तेथील रे आर्ट वर्कशॉपमध्ये (१८९१) धातुकामादी कारागिरीचेही शिक्षण देण्यात येई. ग. का. म्हात्रे यांचे मंदिरपथगामिनी (१८९६) हे शिल्प त्या शिक्षणाचे गाजलेले फळ. पुढे वसईचे र. कृ. फडके यांच्यासारखे कलाशाळेबाहेर स्वप्रयत्नाने घडलेले शिल्पकारही याच वास्तववादाचे अनुयायी झाले. बीदर या घडामोडींपासून दूर, निजामाच्या राज्यात होते. तेथील कारागिराला ना शरीररचनेचे धडे मिळाले, ना प्रकाशछायेचे. ही त्याची हानी होती, असे सामान्यतः समजले जाते. परंतु विसाव्या शतकात जेव्हा बिदरीने कलाशालेय वास्तववादाचा मार्ग धरला, तेव्हाचे परिणाम उलटेच सांगतात. व्यक्तिचित्रे, चारमिनारसारख्या इमारती, हत्तींच्या मिरवणुका यांची बिदरी तबके मोठ्या संख्येने निघाली. छायाचित्राची छटा तारेच्या गर्दीने पकडण्याच्या प्रयत्नात चेहरे जाळीआडून पाहिल्यासारखे दिसू लागले. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील बिदरी कामात अजिंठ्याच्या चित्रांचे नमुने लोकप्रिय आहेत. अजिंठ्याच्या रेषेचे मर्म तिच्या जाडी-बारीकपणात आहे. एकाच जाडीच्या तारेत ती बसविली, की पद्मपाणीच्या जागी त्याचा आराखडा उरतो. पर्यटकाला स्मृतिचिन्ह म्हणून या वस्तूंचे मोल आहे. कलादृष्ट्या त्यांना सतराव्या शतकातील एका खसखशीच्या रोपापुढे उभे करता येत नाही.

करीमनगरच्या चांदीच्या तारजाळीकामाशी तुलना केली असता बिदरीचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. तारजाळीत सर्व वस्तू चांदीचीच असते व पोकळीतून आकृती उमटते. बिदरीत चांदी अल्प व भूमी फार. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या सोन्याने मढविलेल्या घुमटाप्रमाणे मौल्यवान धातूने पृष्ठभाग झाकून टाकणे हे एक तत्त्व झाले; त्यात वैभव व श्रद्धा व्यक्त होते. मौल्यवान धातूला किमान जागा देऊन त्याच्याकडून कमाल काम करून घेणे हे बिदरीचे तत्त्व. चांदी जितकी वाढवावी तितकी ही कला दुबळी होते, हे लखनौच्या उदाहरणावरून दिसतेच.

कारागीर : बिदरी वस्तूंवर कर्त्याचे नाव अपवादानेच आढळते. हा व्यवसाय मुसलमान व लिंगायत अशा दोन्ही समाजांतील कारागिरांच्या हाती असल्याचे उल्लेख आहेत. ओतारी, कोरणारा, जडविणारा व घोटणारा असे श्रमविभाजन कारखान्यात असते. म्हणून एका वस्तूला एकच कर्ता नसतो, हे निनावीपणाचे एक कारण. पण ते पुरेसे नाही. चित्रशाळेतही श्रमविभाजन होते, तरी मन्सूरचे नाव राहिले. बादशाहाने चित्रकाराची नोंद ठेवविली, हुक्कापात्राच्या कारागिराची ठेवविली नाही, इतकाच याचा अर्थ. शिक्षण घरात वा कारखान्यात, पाहून व करून होते. पोर प्रथम घोटायला बसते, मग जुन्या पत्र्यावर छिन्नी चालविते. रेखन सर्वांत शेवटी हाती येते व पुष्कळांच्या हाती ते कधीच येत नाही. ज्याच्या हाती येते त्याला ते कोणी शिकविलेले नसते, या अर्थाने बिदरीचा प्रत्येक खरा रेखनकार स्वशिक्षित म्हणावा लागेल.

अलीकडील काळात नावे पुढे येऊ लागली आहेत. बीदरचे शाह रशीद अहमद कादरी (जन्म १९५५) हे वडिलांच्या हाताखाली तयार झाले. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. परंपरागत फुलांच्या नक्षीला पुन्हा मोकळी भूमी देण्याची गरज आजच्या कामाला आहे. नाव मिळालेला, म्हणजेच गिऱ्हाइकाला नकार देण्याचे सामर्थ्य असलेला कारागीरच ते करू शकेल. सन्मानाचा कलादृष्ट्या उपयोग झाला तर तो असा होईल.

आश्रय व अवनती : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले व १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ही पावले आवश्यकच होती. पण लग्नात पानदान, तस्त, सुरई, मीर-ए-फर्श यांचा पूर्ण संच देणारा वर्ग त्याबरोबर नाहीसा झाला. त्याची जागा सरकारी विक्रीकेंद्रे व निर्यातदार यांनी घेतली. १९५६ च्या विभागणीने बीदर म्हैसूर राज्यात, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात गेले. कारागीर एका राज्यात, जुने गिऱ्हाईक दुसऱ्यात व मोठी बाजारपेठ तिसऱ्यात, अशी स्थिती झाली. बीदरच्या बिदरी वस्तूंना २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण लाभले. चांदीच्या जाडीला मात्र असे संरक्षण नाही. चांदी महागली, की तार बारीक होते, पत्रा पातळ होतो, खाच उथळ राहते. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. काही वर्षांनी तार उचलून येऊ लागते तेव्हा तो दिसतो. कारागिराला मजुरी वस्तूमागे मिळते, तासामागे नव्हे, आणि खोल खाच खोदायला वेळ लागतो.

बिदरी वस्तूंचे महत्त्वाचे संग्रह हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, नवी दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय व मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे आहेत. यांखेरीज मराठवाड्यातील जुन्या घरांतून असलेल्या वस्तूंची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे. संग्रहालयांत दरबारी हुक्कापात्रे गेली. मध्यम स्थितीतील घरांनी वापरलेली पानदाने, चुनाळी, लोटे हे कलेचे दुसरे अंग घराघरांतच राहिले. त्यांची हानी चोरीने वा विक्रीने होते त्याहून अधिक निष्काळजी स्वच्छतेने होते. चांदी कालांतराने काळवंडते व भूमीत मिसळून जाते. मग घरातील तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर ही वस्तूही चिंच व राख लावून घासली जाते. चांदी उजळते, पण चिंचेच्या आंबटाने धातूवरील काळा थरही निघून जातो व उरते ते करड्या जस्तावरचे फिकट पांढरे चित्र. अशी उतरलेली भूमी नवसागर-मातीच्या लेपाने पुन्हा काळी करता येते व बीदरचे कारागीर ते काम करून देतात. मात्र घासून झिजलेल्या पाकळ्यांवरील कोरीव शिरा परत येत नाहीत. म्हणून जुनी वस्तू केवळ मऊ, कोरड्या कापडाने पुसावी व तिला अधूनमधून तेलाचा हात फिरवावा, असे कारागीर सांगतात.